घर बांधणाऱ्यांची संघटना आणि एकटा ग्राहक

नोकरदार माणूस आयुष्यात घर बहुधा एकदाच घेतो. शाळेतला शिक्षक असो की सरकारी कचेरीतला कारकून, भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, मोडलेली मुदत ठेव, पत्नीच्या अंगावरचे चार दागिने आणि वीस वर्षे फेडायचे कर्ज एवढे सारे गोळा झाले म्हणजे दोन खोल्यांच्या सदनिकेचा करार होतो. या व्यवहाराचा त्याला पूर्वानुभव नसतो, आणि झालेला अनुभव पुन्हा उपयोगी पडण्याचा संभवही फारसा नसतो. समोर बसलेल्या बिल्डराच्या लेखी मात्र तो शंभर-दोनशे गिऱ्हाइकांतला एक असतो. बिल्डरापाशी वकील असतो, वास्तुविशारद असतो, हिशेबनीस असतो आणि या सर्वांच्या मागे त्याच्या धंद्याची संघटना उभी असते. एक पक्ष संघटित आणि दुसरा एकटा, अशा स्थितीत झालेला करार कागदावर कितीही समसमान दिसला, तरी तो दोन समबलांचा करार नसतो. महाराष्ट्रातील घरांच्या प्रश्नाची चर्चा जमिनीचे भाव, व्याजाचे दर आणि सिमेंटच्या किमती यांच्याभोवती फिरते. या विषमतेकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

बिल्डरांनी संघटना करावी यात गैर काही नाही. गिरणी कामगारांची, शिक्षकांची, बँक कर्मचाऱ्यांची संघटना असू शकते, तशी घरे बांधणाऱ्यांचीही असू शकते. मुंबई परिसरातील बिल्डरांची ‘महाराष्ट्र चेंबर ऑफ हाउसिंग इंडस्ट्री’ ही संस्था १९८२ साली स्थापन झाली. देशभरातील अशा संस्थांचा ‘क्रेडाई’ हा महासंघ १९९९ मध्ये उभा राहिला, आणि मुंबईची संस्था पुढे ‘क्रेडाई-एमसीएचआय’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पुणे, नाशिक, नागपूर या शहरांतही या व्यवसायाच्या संघटना आहेत. अर्थसंकल्पापूर्वी मंत्र्यांना निवेदने देणे, बांधकाम नियमावलीवर सूचना पाठविणे, सणासुदीच्या तोंडावर घरांची प्रदर्शने भरविणे ही त्यांची नित्याची कामे आहेत. प्रश्न या संघटना असाव्यात की नसाव्यात हा नाही. समाजाकडून त्यांना जे मिळाले, त्याच्या मोबदल्यात त्यांनी समाजाला काय द्यावे, हा आहे.

भाड्याच्या घराकडून मालकीच्या घराकडे

हा व्यवसाय आज ज्या रूपात दिसतो, त्या रूपाला सरकारी धोरणांचा मोठा हातभार लागलेला आहे. मुंबई इलाख्याच्या १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण मानले आणि जुनी भाडी जवळजवळ तेथेच गोठविली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते. परंतु तात्पुरता म्हणून आलेला उपाय दशकानुदशके टिकला आणि भाड्याने देण्यासाठी चाळी बांधण्यात कोणालाच स्वारस्य उरले नाही. जुन्या चाळींची दुरुस्ती रखडली, पागडीचा काळा व्यवहार फोफावला आणि नवे घर हवे असेल तर ते विकतच घ्यावे लागेल, अशी परिस्थिती निर्माण झाली. ‘ओनरशिप’ हा शब्द मराठी घराघरांत रुळला तो या परिस्थितीतून.

त्याबरोबर गैरव्यवहारही आले. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन महिना उलटण्याच्या आतच, २० मे १९६० रोजी, सरकारने मालकी हक्काच्या सदनिकांच्या व्यवहारांतील तक्रारींची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल जून १९६१ मध्ये आला आणि त्यातून १९६३चा महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायदा जन्मास आला. सर्वसामान्यांच्या बोलण्यातला ‘मोफा’ तो हाच. या व्यवहारांत गैरप्रकार होत आहेत आणि ते वाढत आहेत, हे त्या कायद्याच्या उद्देशिकेतच नमूद आहे. म्हणजे आज ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांना साठ वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे.

पुढे १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मुंबईत ५०० चौरस मीटर आणि पुण्यात १,००० चौरस मीटर यांहून अधिक मोकळी जमीन बाळगण्यास त्याने मनाई केली. अतिरिक्त जमीन सरकारने घ्यावी आणि ती गोरगरिबांच्या घरांसाठी वापरावी, हा त्याचा हेतू उदात्त होता. प्रत्यक्षात बरीच जमीन कोर्टकचेऱ्यांत अडकली आणि सूट देण्याच्या कलमांचे महत्त्व मूळ कायद्याहून वाढले. घर बांधण्याचा धंदा विटा-सिमेंटचा राहिला नाही, तो परवानगीचा धंदा झाला. कोणाची फाइल कोणत्या टेबलावर आहे याची माहिती ही गवंड्याच्या कसबाइतकीच मोलाची ठरू लागली. अशा वातावरणात या व्यावसायिकांना संघटना काढावीशी वाटली, तर त्यात आश्चर्य नव्हते. महाराष्ट्राने हा कायदा २९ नोव्हेंबर २००७ रोजी रद्द केला. जमीन मोकळी झाली की घरे स्वस्त होतील, असा युक्तिवाद त्या वेळी हिरिरीने करण्यात आला होता. स्वस्त घरांची वाट पाहणाऱ्या नोकरदाराचा अनुभव मात्र निराळा आहे.

संघटित आवाजाचे बळ

संघटनेमुळे काय साधते, याची दोन-तीन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. पहिले उदाहरण संघटनेच्या बाजूने जाणारे आहे. ‘बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया’ ही १९४१ साली स्थापन झालेली, मुख्यतः बांधकाम कंत्राटदारांची संस्था. सिमेंट कंपन्या संगनमताने भाव चढे ठेवतात, अशी तक्रार तिने स्पर्धा आयोगाकडे नेली. आयोगाने जून २०१२ मध्ये अकरा सिमेंट कंपन्यांना मिळून ६,००० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला आणि सिमेंट उत्पादकांच्या संघटनेलाही दोषी धरले. प्रकरण पुढे वरच्या न्यायाधिकरणांत व न्यायालयांत गेले ही गोष्ट वेगळी. एकट्या-दुकट्या कंत्राटदाराला जी लढाई झेपली नसती, ती संघटनेने लढविली. त्याच निकालाने दुसरीही गोष्ट दाखविली. धंद्याची संघटना ही ग्राहकाला नाडण्याचे साधनही होऊ शकते.

दुसरे उदाहरण करोनाच्या काळातले. टाळेबंदीत मजूर गावी गेले, कामे थांबली. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये राज्यांच्या प्राधिकरणांना प्रकल्पांची मुदत सहा महिन्यांनी वाढविण्याचा सल्ला दिला आणि महाराष्ट्रातही मुदत वाढविण्यात आली. सप्टेंबर २०२० पासून डिसेंबरअखेर राज्याने मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची आणि नंतर मार्च २०२१ अखेरपर्यंत २ टक्क्यांची सूट दिली. जानेवारी २०२१ मध्ये बांधकामावरील निरनिराळे अधिमूल्य वर्षअखेरीपर्यंत निम्म्याने कमी करण्याचा निर्णय झाला. त्याचा लाभ घेणाऱ्या बिल्डराने गिऱ्हाइकाचे मुद्रांक शुल्क स्वतः भरावे, अशी अट त्यास होती. या सवलतींनी दस्त नोंदणी कार्यालयांत गर्दी झाली आणि अडलेला व्यवसाय हलला, हे मान्य केले पाहिजे.

परंतु याच काळात त्या ग्राहकाचे काय झाले? घराचा ताबा मिळण्याची तारीख सहा महिने पुढे गेली. राहत्या जागेचे भाडे चालू होते. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते काही महिने थोपविण्याची मुभा दिली, पण व्याजाचे मीटर थांबले नाही. अनेकांचे पगार कापले गेले होते. बिल्डरांची गाऱ्हाणी संघटनांनी एकमुखाने दिल्ली-मुंबईत मांडली. ताबा न मिळालेल्या ग्राहकाची बाजू मांडायला ग्राहक संस्था होत्या, नाही असे नाही. पण त्यांच्यापाशी ना निधी, ना मनुष्यबळ, ना मंत्रालयातला तसा राबता. कोणाचे दुःख खोटे नव्हते. फक्त एकाच्या दुःखाला वकील होता.

कायदा होता, वचक नव्हता

बिल्डरांच्या संघटना अनेकदा म्हणतात की नियम फार आहेत. त्यात तथ्य आहे. परवानग्यांची संख्या, अग्निशमनापासून पर्यावरणापर्यंतची प्रमाणपत्रे, महापालिकेची अधिमूल्ये आणि विलंबाच्या प्रत्येक महिन्यागणिक वाढणारे व्याज, हा सर्व खर्च अखेर घराच्या किमतीत मिसळतो आणि तो ग्राहकच भरतो. पण ज्या नियमांचा लाभ थेट ग्राहकाला व्हायचा, त्यांचे काय झाले हेही पाहिले पाहिजे.

मोफा कायद्याने व त्याच्या दुरुस्त्यांनी जवळजवळ सर्व काही सांगून ठेवले होते. लेखी करार करून तो नोंदवावा. गिऱ्हाइकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत. सदनिकाधारकांची सहकारी संस्था स्थापन करून द्यावी आणि ठरलेल्या मुदतीत जमीन व इमारत त्या संस्थेच्या नावे करावी. कायदा मोडल्यास कैदेची तरतूदही होती. प्रत्यक्षात कित्येक संस्था स्थापन होऊन वीस-तीस वर्षे लोटली, तरी जमिनीच्या उताऱ्यावर बिल्डराचे किंवा मूळ मालकाचेच नाव राहिले. त्यामागे केवळ आळस नव्हता. चटईक्षेत्र निर्देशांक वाढला की जास्तीच्या बांधकामाचा हक्क जमिनीच्या मालकाकडे जातो. जमीन आपल्या नावावर राहिली तर तो लाभही आपलाच, हे गणित त्यामागे होते. सदनिकाधारक घरात राहत होता, पण पायाखालच्या जमिनीवर त्याचे नाव नव्हते. अखेर २००८ मध्ये कायद्यात ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. बिल्डराने खत करून दिले नाही, तर सक्षम अधिकाऱ्याने संस्थेला परस्पर हक्क मिळवून द्यावा, अशी ही सोय. मूळ कायद्याची आज्ञा पंचेचाळीस वर्षे पुरेशी पाळली गेली नाही, याची ती सरकारी कबुलीच होती.

क्षेत्रफळाचीही तीच कथा. माणूस वापरतो ते चटई क्षेत्र. पण विक्री व्हायची ती ‘बिल्ट-अप’ आणि ‘सुपर बिल्ट-अप’ या शब्दांनी फुगविलेल्या क्षेत्रफळावर. जिना, लिफ्ट, भिंती, गच्ची यांचा वाटा त्यात किती धरायचा हे बिल्डरच ठरवी. वाहने उभी करण्याची जागा वेगळे पैसे घेऊन विकली जाई. तळमजल्यावरची खांबांमधली किंवा उघडी जागा बिल्डरला अशी स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईच्याच एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात दिला. या सर्व काळात संघटना होत्या, त्यांची आचारसंहिताही होती. तथापि आपल्या सदस्यांनी जमिनीची खते किती मुदतीत करून दिली, याचा हिशेब समाजापुढे ठेवण्याची गरज त्यांना वाटल्याचे दिसले नाही.

नवी जबाबदारी

राज्याने २०१२ साली नवा गृहनिर्माण कायदा केला आणि २०१४ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण तो मूळ धरण्यापूर्वीच केंद्राचा २०१६चा स्थावर संपदा कायदा आला व त्याने राज्याचा कायदा रद्द केला. केंद्रीय कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला आणि त्याच दिवशी महाराष्ट्राच्या प्राधिकरणाचे, म्हणजे ‘महारेरा’चे, काम सुरू झाले. प्रकल्पाची नोंदणी केल्याशिवाय जाहिरात वा विक्री नाही. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम जमीन व बांधकाम यांसाठीच्या वेगळ्या खात्यात ठेवायची. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायची नाही. चटई क्षेत्राची व्याख्या कायद्यातच दिलेली. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळल्यास दुरुस्ती बिल्डरच्या खर्चाने. आणि ताबा लांबला तर ग्राहकाला व्याज, किंवा त्याने मागितल्यास पैसे परत. चालू प्रकल्पांनाही हा कायदा लागू करणे अन्यायाचे आहे, अशी तक्रार घेऊन अनेक व्यावसायिक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ रोजी कायदा वैध ठरविला. त्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा हक्क बिनशर्त असल्याचे सांगितले.

या कायद्याच्या अंमलबजावणीत संघटनांचे स्थान बदलले. महारेराने २०१८ मध्ये सलोखा मंच सुरू केला. त्यात १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीचे आणि बिल्डरांच्या संघटनांचे प्रतिनिधी एकाच टेबलाशी बसून दोन्ही पक्षांच्या संमतीने तंटे मिटवू लागले. ज्यांनी एकमेकांविरुद्ध निवेदने द्यायची, त्यांनी एकत्र बसून तडजोड सुचवायची, ही कल्पना धाडसाची होती. पाठोपाठ २०१९ मध्ये महारेराने या संघटनांना ‘स्वयंनियामक संस्था’ म्हणून मान्यता देण्याची पद्धत आणली आणि नव्या प्रकल्पाची नोंदणी करू पाहणाऱ्या बिल्डरने अशा एखाद्या संस्थेचे सदस्य असावे, असे ठरविले.

हा बदल वरवर छोटा वाटला तरी त्याचा अर्थ मोठा आहे. काल जी संस्था केवळ आपल्या सदस्यांचे हित पाहणारी होती, तिला कायद्याने आपल्या अंगणात घेतले. सदस्य मिळविण्यासाठी तिला दारोदार फिरण्याची गरज राहिली नाही, कायदाच तिच्याकडे सदस्य पाठवू लागला. ज्याला असा मान मिळतो, त्याच्यावर तशी जबाबदारीही येते.

सदस्यत्वाचा अर्थ

शिक्षक होण्यासाठी पदविका वा पदवी लागते. कारकुनाला स्पर्धा परीक्षा द्यावी लागते. वकिलाची सनद काढून घेता येते, डॉक्टरचे नाव वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीतून कमी होऊ शकते. हजारो माणसे ज्याच्या भरवशावर डोक्यावर छप्पर घेतात, त्या बिल्डराला मात्र कोणतीही परीक्षा नाही. भांडवल, जमीन आणि धडाडी असली की पुरे. स्वयंनियमनाला काही अर्थ यायचा असेल, तर ही उणीव भरून काढण्याचे काम संघटनांनी केले पाहिजे. ठाण्याजवळ मुंब्र्याच्या परिसरात एप्रिल २०१३ मध्ये एक अनधिकृत इमारत कोसळून सत्तरहून अधिक माणसे मेली. अशा वेळी ‘तो आमचा सदस्य नाही’ हे उत्तर संघटनेला पुरे वाटत असेल. मेलेल्यांच्या नातेवाइकांना ते पुरत नाही. शिवाय त्या उत्तराचा व्यत्यासही विचारावा लागतो. सदस्य आहे म्हणून तो विश्वासू, याची हमी संघटना घेते काय?

ती हमी तीन गोष्टींनी घेता येईल आणि त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. पहिली, सदस्यांविरुद्ध वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती मिटल्या आणि कोणावर कोणती कारवाई झाली, हे संघटनेने दरवर्षी जाहीर करावे. सदस्यांच्या कर्तबगारीच्या जाहिराती छापता येतात, तर हा तक्ताही छापता येईल. दुसरी, महारेराने वसुलीचे आदेश काढले की ती वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हायची असते आणि ती रेंगाळते, हा अनेक ग्राहकांचा अनुभव आहे. ज्या सदस्याने असा आदेश पाळलेला नाही, त्याला संघटनेचे पद मिळू नये आणि तिच्या प्रदर्शनात गाळाही मिळू नये. तिसरी गोष्ट कराराची. महारेराने डिसेंबर २०२२ मध्ये नमुना करारातील चटई क्षेत्र, दोषदुरुस्तीचे दायित्व, दैवी आपत्ती आणि अभिहस्तांतरण यांबाबतची कलमे बदलता येणार नाहीत असे ठरविले. बाकीच्या कलमांतही ग्राहकाला न कळवता फिरवाफिरव करणार नाही, असे बंधन संघटनेने सदस्यांवर स्वतः होऊन घालावे. एकतर्फी करार ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये म्हटलेच आहे. न्यायालयाने सांगितल्यावर सुधारणे आणि आधी सुधारणे यांत जे अंतर आहे, तेच व्यापारी संघ आणि जबाबदार संस्था यांतले अंतर आहे.

हे संघटनांच्याही हिताचे आहे. सचोटीने घरे बांधणारे व्यावसायिक या राज्यात थोडे नाहीत. वेळेवर ताबा देणारा, जमिनीचे खत स्वतः होऊन करून देणारा बिल्डर आणि पैसे घेऊन पाया खणून ठेवणारा बिल्डर या दोघांची पत ग्राहकाच्या मनात सारखीच राहिली, तर नुकसान पहिल्याचे होते. भेद स्पष्ट करणे हेच संघटनेचे खरे काम असायला हवे. चुकार सदस्याला पाठीशी घातल्याने संख्या टिकते, पत टिकत नाही.

अर्थात सर्व भार संघटनांवर टाकून ग्राहकाला मोकळे होता येणार नाही. निम्म्याहून अधिक सदनिकांची नोंदणी झाल्यावर तीन महिन्यांच्या आत ग्राहकांची संस्था स्थापन झाली पाहिजे, असे २०१६चा कायदा सांगतो. तरीही बहुतेक खरेदीदार एकमेकांना प्रथम भेटतात ते ताबा लांबल्यावर, एखाद्या रविवारी अर्धवट इमारतीच्या फाटकाशी. तोपर्यंत पैसे गेलेले असतात. पैसे भरण्यापूर्वी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद, मंजूर नकाशा आणि जमिनीवरील बोजा पाहणे, करार सही करण्यापूर्वी चार दिवस घरी आणून जाणत्याला दाखविणे आणि शेजारच्या खरेदीदारांशी आधीच ओळख करून घेणे, एवढे तरी त्याच्या हातात आहे. पगारवाढीसाठी, महागाई भत्त्यासाठी शिक्षक आणि कारकून संघटित झाले आणि त्याची फळे त्यांनी पाहिली. त्या पगारातला सर्वांत मोठा हप्ता ज्या घरापायी जातो, त्या घराच्या व्यवहारात मात्र ते एकेकटेच उभे राहतात. बिल्डरांच्या संघटनेपुढे ग्राहकांचीही तितकीच जागी संघटना उभी राहील, तेव्हाच सलोख्याच्या त्या टेबलाच्या दोन बाजू समान उंचीच्या होतील.